आधी भरा, मग भांडा

स्पेनच्या भूमध्य किनाऱ्यावर, मालागापासून अलिकांतेपर्यंत, इंग्लंड-जर्मनीकडच्या असंख्य निवृत्त माणसांनी घरे घेतली आहेत. आयुष्याची पुंजी घालून घेतलेला छोटासा फ्लॅट, समोर सामायिक बाग आणि पोहण्याचा तलाव. अनेकजण वर्षातले सहा-आठ आठवडे तिथे राहतात, एरवी दाराला कुलूप. मग कधीतरी मनात येते, ‘तलावात आम्ही पाय बुडवला नाही, लिफ्ट महिनाभर बंद होती, वर्गणी पूर्ण का म्हणून भरायची?’ आपल्याकडच्या सोसायटीच्या सभेत बसलेल्या कुणालाही हा सूर ओळखीचा वाटेल.

या प्रश्नाला स्पेनच्या कायद्याने दिलेले उत्तर मला, बँकेत उभी हयात काढलेल्या माणसाला, शहाणपणाचे वाटते. कायदा मुळात १९६०चा. आपल्या महाराष्ट्राचा सहकारी संस्था अधिनियमही तेच साल नावात वागवतो, हा योगायोगच. तिथे फ्लॅट घेतला की माणूस आपोआप मालकांच्या समुदायाचा सभासद होतो. नको म्हणायची सोय नाही. सामायिक खर्चातला प्रत्येक घराचा हिस्सा मूळ दस्तात ठरलेला असतो, आणि एखादी सोय वापरली नाही म्हणून तो चुकत नाही. दुरुस्त्यांसाठी राखीव निधी हवाच. तो अंदाजपत्रकाच्या किमान ५ टक्के असे, २०१९मध्ये १० टक्के झाला.

थकबाकीदाराचे नाव सभेच्या नोटिशीतच येते. सभेत त्याला बोलता येते, मत देता येत नाही. २०२२च्या दुरुस्तीने सभेला जादा व्याज लावण्याची, तलावासारखी सोय काही काळ बंद करण्याचीही मुभा दिली. मात्र घर राहण्याजोगे उरणार नाही, असे काही करता येत नाही.

पण म्हणून मालकाने मान खाली घालून फक्त पैसे मोजायचे का? मुळीच नाही. वर्षातून एकदा तरी सभा घ्यावीच लागते. एकचतुर्थांश मालक मिळून स्वतःहून सभा बोलावू शकतात. ठराव अन्यायाचा वाटला तर विरोधी मत नोंदवणाऱ्याला तीन महिन्यांत न्यायालयात जाता येते. ठराव कायद्याविरुद्ध असेल तर वर्षभरात. गरजेची नसलेली, तीन महिन्यांच्या वर्गणीपेक्षा महागडी हौस बहुमताने मंजूर केली, तरी विरोध करणाऱ्यावर तिचा खर्च लादता येत नाही. अट साधारणपणे एकच : न्यायालयात जाताना बाकी चुकती असावी, किंवा वादाची रक्कम न्यायालयात जमा केलेली असावी.

या अटीतच सगळे मर्म आहे. लिफ्ट बंद पडली म्हणून दहाजणांनी वर्गणी रोखली, तर लिफ्ट दुरुस्त करायलाच पैसे उरत नाहीत. रोखणारा आपल्या देशात आरामात असतो. जिने चढते ती चौथ्या मजल्यावर बारा महिने राहणारी एकटी म्हातारी. धडा शिकवायचा होता कारभाऱ्यांना, शिक्षा झाली शेजारणीला! शिवाय मतही गेले, म्हणजे कारभारी बदलण्याचा मार्ग आपल्याच हाताने बंद केला.

विकत घेणाऱ्यानेही जपावे. खरेदीचे वर्ष आणि त्याआधीची तीन वर्षे, एवढ्या काळातल्या थकबाकीला ते घर जामीन असते, मालक कुणी का असेना. म्हणून दस्त होताना विकणाऱ्याने बाकीचा दाखला द्यायचा असतो. खरेदीदाराला तो माफ करता येतो, आणि घाईगर्दीत तो माफही केला जातो. गृहकर्जाच्या फायली चाळताना मी नेहमी सांगत असे, की भिंतींचा रंग नंतर बघा, आधी सोसायटीचा दाखला बघा. समुद्र दिसणाऱ्या गच्चीलाही तोच नियम लागू आहे.

घर एकट्याच्या नावावर होते. जिना, छप्पर आणि पाण्याची टाकी कधीच होत नाहीत. वर्गणी ही त्या सामायिक मालकीची किंमत. ती वेळेवर भरावी, पावती जपून ठेवावी, आणि मग सभेत उभे राहून पैन्‌पैचा हिशेब खुशाल मागावा.