आधी हजेरीपट, मग प्रस्ताव

दसरा झाला की बीड जिल्ह्यातल्या गावांत ट्रक आणि ट्रॅक्टर येऊन उभे राहायला लागतात. ऊसतोडीसाठी मुकादमाकडून उचल घेतलेली कुटुंबं भांडीकुंडी, धान्याची पोती, शेळ्या आणि लेकरं घेऊन पश्चिम महाराष्ट्रातल्या, कर्नाटकातल्या साखर कारखान्यांकडे निघतात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. गाळप संपेपर्यंत, म्हणजे मार्च-एप्रिलपर्यंत, घराला कुलूप. सप्टेंबरात भरलेला गावातल्या शाळेचा वर्ग डिसेंबरात विरळ झालेला असतो.

या मुलांना आजी-आजोबांजवळ गावातच ठेवून त्यांच्या जेवणाची आणि अभ्यासाची सोय करणारी एक लहान संस्था डोळ्यांसमोर आणावी. एक दिवस कळतं, की एका कंपनीने सीएसआर, म्हणजे कंपनीच्या सामाजिक जबाबदारीच्या, निधीसाठी प्रस्ताव मागवले आहेत. मुदत आठ दिवस. अर्ज इंग्रजीत. पहिल्याच चौकटीत प्रश्न आहे : समस्या २०० शब्दांत मांडा. दिवसभर गावात फिरून आलेला कार्यकर्ता रात्री लिहायला बसतो. शिक्षण हा प्रगतीचा पाया आहे, गरिबीमुळे मुलांचं भविष्य अंधारात आहे, समाजाने पुढे यायला हवं. यातलं एकही वाक्य खोटं नाही, पण ते कुठल्याही जिल्ह्यातल्या कुठल्याही संस्थेने लिहिलं असतं. दात्याला थांबवून विचार करायला लावेल असा कागद शाळेच्या कपाटातच राहतो. तो कागद म्हणजे हजेरीपट. सप्टेंबरात पटावर किती मुलं होती, डिसेंबरात किती उरली, त्यात मुली किती, एप्रिलमध्ये परतलेल्यांपैकी किती जणांनी परीक्षा दिली, हे सगळं त्यात आहे.

प्रस्ताव लिहिणं, म्हणजे या क्षेत्रात ज्याला ‘प्रपोजल’ किंवा ‘ग्रँट रायटिंग’ म्हणतात ते, मुळात इंग्रजीचं काम आहे, असा समज आपल्याकडे घट्ट बसला आहे. त्या समजाने तालुक्याच्या ठिकाणी काम करणाऱ्या संस्थांचं फार नुकसान केलं. हे काम आधी मोजण्याचं आणि मग मांडण्याचं आहे. ते शहरातल्या सल्लागारापेक्षा त्या तालुक्यातल्या मुलामुलींना जास्त चांगलं जमू शकतं, आणि त्यावर त्यांचं पोटही भरू शकतं.

सार्वजनिक कामासाठी मागणं मराठी समाजाला नवं नाही. तळेगावचा काच कारखाना १९०८ मध्ये उभा राहिला तो पैसा फंडातून, लोकांनी पैसा-पैसा देऊन. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेला बायाबापड्यांनी मूठ-मूठ धान्य दिलं. महर्षी कर्वे वर्गणीसाठी आयुष्यभर हिंडले. त्यांच्या महिला विद्यापीठाला १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसींनी १५ लाख रुपयांची देणगी दिली, तीही अटींसह. ठाकरसींच्या आईचं नाव विद्यापीठाला लागलं, आणि आज आपण त्याला एसएनडीटी म्हणतो. देणगीला अटी असणं, त्या अटी समजून घेऊन कामाचा गाभा सांभाळणं, हे कर्व्यांनाही करावं लागलं होतं.

फरक एवढाच, की तेव्हा देणारा मागणाऱ्याला ओळखत होता. कर्वे दारात उभे राहिले की त्यांच्याकडे बघूनच पैसे निघत. आजचा देणारा मुंबई, पुणे किंवा बंगळुरूच्या कार्यालयातली एक समिती असते. तिने ते गाव पाहिलेलं नसतं, कार्यकर्त्याला पाहिलेलं नसतं. तिच्यासमोर फक्त कागद असतो.

आणि त्या कागदामागे पैसा मोठा आहे. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार ५०० कोटींची नक्त मालमत्ता, १,००० कोटींची उलाढाल किंवा ५ कोटींचा नफा, यांपैकी एकही निकष पूर्ण करणाऱ्या कंपनीला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते. १ एप्रिल २०१४ पासून हे लागू झालं. २०२१-२२ या एका वर्षात देशभरातल्या कंपन्यांनी मिळून २६ हजार कोटींहून जास्त खर्च केला. राज्यांमध्ये महाराष्ट्राच्या वाट्याला सर्वांत जास्त रक्कम येते, पण ती मुंबई-पुण्याकडे आणि कारखान्यांच्या पट्ट्यांकडे झुकते. केंद्राने २०१८ मध्ये ‘आकांक्षित’ म्हणून निवडलेल्या जिल्ह्यांत महाराष्ट्रातले गडचिरोली, नंदुरबार, वाशिम आणि धाराशिव आहेत. तिथे काम करणाऱ्या माणसांची वाण नाही. त्यांचं काम कागदावर नीट उतरवणारे मात्र फार थोडे आहेत.

चांगला प्रस्ताव कसा विचार करतो, हे पाहायचं तर गडचिरोलीतलंच उदाहरण घ्यावं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्याच बायकांना शिकवून नवजात बाळांची घरच्या घरी काळजी घ्यायला सुरुवात केली. हे काम ३९ गावांत केलं आणि तुलनेसाठी ४७ गावं घेतली. काम सुरू होण्याआधी जन्म-मृत्यूची नोंद ठेवली होती, सुरू झाल्यावरही ठेवली. तिसऱ्या वर्षी, तुलनेच्या गावांचा विचार करता, नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी खाली आल्याचं दिसलं. एका बाळामागे खर्च किती आला, तेही मांडलं. डिसेंबर १९९९ मध्ये हा अभ्यास ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला आणि २०११ पासून आशाताईंमार्फत घरपोच नवजात काळजीचा कार्यक्रम देशभर सुरू झाला. तो शोधनिबंध होता, अनुदानाचा अर्ज नव्हे. पण आधी काय होतं, काय केलं, काय बदललं, किती पैसे लागले, या चार प्रश्नांची उत्तरं ज्याला सरळ देता येतात, त्याचा अर्ज निम्मा लिहून झालेला असतो. प्रत्येक संस्थेला एवढा अभ्यास झेपणार नाही. कामाला हात घालण्याआधीचा एक आकडा वहीत लिहून ठेवणं मात्र कुणालाही झेपतं.

ऊसतोड मजुरांच्या मुलांचंच घ्या. मुलांना शाळेत टिकवणं हा झाला हेतू. अमुक पाच गावांतल्या इतक्या मुलांची डिसेंबरातली हजेरी इतक्यावरून इतक्यावर नेणं, हे झालं उद्दिष्ट. सरकारची हंगामी वसतिगृहाची योजना असताना वेगळा पैसा कशाला, हा प्रश्न समिती विचारणारच. त्याचं खरं उत्तर गावात बसूनच मिळतं. आजीचं वय, मुलीची सुरक्षितता, धाकट्या भावंडाला सांभाळायला फडावर नेलेली दहा वर्षांची बहीण. हे कळायला त्या घरात चहा प्यायलेला माणूस लागतो.

संस्था सर्वांत जास्त अडतात ती अंदाजपत्रकापाशी. सीएसआरमध्ये पगाराला पैसे मिळत नाहीत, प्रशासकीय खर्च ५ टक्क्यांच्या वर दाखवता येत नाही, असं सर्रास सांगितलं जातं. परिणामी संस्था कार्यकर्त्याचं मानधन लपवते किंवा कापते, आणि दीड वर्षात तो माणूस काम सोडून जातो. नियम वेगळा आहे. ५ टक्क्यांची मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर व्यवस्थापनाच्या खर्चाला आहे. प्रकल्पाची आखणी, अंमलबजावणी आणि देखरेख यांचा थेट खर्च त्यात धरला जात नाही. गावात राहिलेल्या मुलांना शिकवणाऱ्या ताईचं मानधन हा प्रकल्पाचाच खर्च आहे आणि तो उघडपणे, पूर्ण लिहायला हवा. प्रस्ताव लिहिणाऱ्याला एवढा एक नियम पक्का माहीत असला, तरी तो संस्थेची माणसं वाचवू शकतो.

तसंच कागदपत्रांचं. १ एप्रिल २०२१ पासून सीएसआर-१ नोंदणीशिवाय संस्थेला कंपनीचा पैसा घेता येत नाही. त्यासोबत आयकराची १२ए आणि ८०जी नोंदणी आणि तशाच कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव लागतो. परदेशी देणगीसाठी एफसीआरए, म्हणजे परदेशी देणगी कायद्याखालची नोंदणी, हवीच. हे हातात नसताना शंभर पानी प्रस्ताव लिहून देणारा लेखक संस्थेची दिशाभूल करत असतो.

इथे मोबदल्याचा प्रश्न येतो, आणि त्यावर ठाम बोलायला हवं. ‘निधी मंजूर झाला तर १० टक्के द्या’ अशी बोली या कामात सर्रास कानावर येते. ती स्वीकारू नये, देऊही नये. अमेरिकेतल्या निधी संकलकांच्या आणि अनुदान-लेखकांच्या व्यावसायिक संघटनांनी आपल्या आचारसंहितेत टक्केवारीवरचा मोबदला निषिद्ध ठरवला आहे. कारण साधं आहे. दात्याने मुलांच्या जेवणासाठी दिलेल्या पैशातून दलाली जाते आणि रक्कम फुगवण्याचा मोह लेखकाला होतो. शिवाय प्रस्ताव नाकारला गेला तर लेखकाचे वीस दिवस फुकट जातात. त्यापेक्षा कामाचे तास मोजून आधी ठरवलेली फी घ्यावी, नाहीतर तीन-चार लहान संस्थांनी मिळून एका लेखकाला दरमहा मानधन द्यावं. वकिलाला, सीएला फी द्यायची असते हे संस्थांना मान्य आहे. लेखकाची फी मात्र अजून मनाला पटत नाही, आणि ही सवय बदलायलाच हवी.

शिकायचं कसं? समाजकार्याच्या पदवीची गरज नाही, आणि एका दिवसाच्या कार्यशाळेने भागतही नाही. ओळखीच्या संस्थेचा वार्षिक अहवाल लिहून द्यावा. त्यातच कळतं, की कुठले आकडे आहेत आणि कुठले कधी ठेवलेच गेले नाहीत. मग दोन पानांची ‘कन्सेप्ट नोट’. आपल्या जिल्ह्यात कुठल्या कंपन्या कशावर खर्च करतात, ते केंद्राच्या सीएसआर पोर्टलवर पाहता येतं. मंजूर प्रकल्पांची माहिती संकेतस्थळावर देणं कंपन्यांनाही बंधनकारक आहे. पाण्यावर काम करणाऱ्या कंपनीकडे शाळेचा प्रस्ताव घेऊन जाण्यात जाणारा वेळ त्यामुळे वाचतो. नकार आला तर कारण विचारावं. बऱ्याचदा उत्तर मिळत नाही, पण मिळालं तर ते वर्षभर पुरतं.

इंग्रजीची भिंत आता पूर्वीइतकी उंच राहिलेली नाही. मराठीत नेमकं लिहिलेलं इंग्रजीत नेण्यासाठी संगणकाची साधनं हाताशी आहेत. त्याच साधनांमुळे दात्यांच्या टेबलावर आता गुळगुळीत, एकसारख्या इंग्रजीतल्या प्रस्तावांचा ढीग लागणार आहे. त्यात वेगळा उठून दिसेल तो हजेरीपटातला आकडा. तो कुठल्याही यंत्राला घरबसल्या बनवता येत नाही, आणि बनवला तर ते खोटं ठरेल.

तरीही सगळं ओझं संस्थांवर टाकणं बरोबर नाही. महाराष्ट्रात पैसा खर्च करणाऱ्या कंपन्यांनी आणि न्यासांनी पहिल्या फेरीचा अर्ज मराठीत स्वीकारावा. त्यांच्या कार्यालयांत मराठी वाचणारी माणसं आहेत. आठ दिवसांऐवजी सहा आठवड्यांची मुदत द्यावी, आणि अर्ज मागवायचेच तर ऊसतोडीच्या टोळ्या निघण्याआधी, पावसाळ्यात मागवावेत. तेव्हा मुलं वर्गात असतात, आईबाप गावात असतात, आणि प्रस्ताव लिहिणाऱ्याला विचारायला सगळी माणसं भेटतात.