खरखर आमची, तर स्विचही आमचाच हवा

जयंतीच्या कार्यक्रमात एक प्रसंग ठरलेला असतो. पहिलं कडवं संपायच्या आत गायक मागे वळतो आणि साउंडवाल्याला हाताने खूण करतो, "इको दे, इको दे!" साउंडवाल्याच्या मनात आलं तर तो देतो, नाहीतर मोबाईलवर बोलत बसतो. स्टेजवरचा माणूस आमचा, शब्द आमचे, समोरची गर्दी आमची, वर्गणीही आमची. पण आवाजाचा नॉब दुसऱ्याच्या हातात. याची आपल्याला इतकी सवय झाली आहे की त्यात काही चुकतंय असंही वाटत नाही.

आम्हाला ते जाणवलं आमच्या गटातल्या एका मुलीमुळे. ती रॅप करते. एका कार्यक्रमात दुसऱ्या कडव्यापुरता तिला आपला आवाज जुन्या टेलिफोनमधून आल्यासारखा, थोडा फाटलेला हवा होता. कारण ते कडवं दाखल्यासाठी कचेरीत खेटे घालणाऱ्या बाईचं होतं. तिने हे आधी सांगितलं होतं. "ताई, असं काही आपल्याकडे नसतं," म्हणून साउंडवाल्याने विषय संपवला. मग तिने माइकची जाळी मुठीत आवळून तो आवाज काढायचा प्रयत्न केला. स्पीकरने शिट्टी मारली, साउंडवाल्याने आवाजच खाली ओढला आणि निम्मं कडवं हवेत विरलं. त्या रात्री आम्ही ठरवलं की पायाखाली मावेल असं छोटं पेडल आपणच बनवायचं.

बनवताना जो वाद झाला तो पेडलपेक्षा मोठा होता. म्हणून हा लेख.

लो-फाय म्हणजे मुद्दाम कमी स्वच्छ ठेवलेला आवाज. खालचा घुमारा कापलेला, वरची चमक कापलेली, मधला भाग थोडा खरवडलेला. आज ही स्टुडिओतली फॅशन आहे. आपल्याकडे मात्र हा आवाज फॅशन म्हणून आलेला नाही. १९३० च्या दशकात भीमराव कर्डकांसारखे जलसाकार बाबासाहेबांचा विचार लोकांपर्यंत नेत होते, तेव्हा मुख्य भरवसा गळ्यावर आणि ढोलकीवर होता. पुढे भोंगा आला, मग कॅसेट आली. प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप यांचे आवाज आपल्यापैकी अनेकांच्या घरी कॅसेटवरून भरलेल्या कॅसेटमधून पोचले. प्रत्येक वेळी भरताना वरचे सूर झिजायचे आणि मागची सूंसूं वाढायची. आपल्या कानांनी चळवळ ऐकली ती खरखरीसकट.

म्हणून खरखरीची आम्हाला लाज नाही. पण नाइलाजाची खरखर आणि निवडलेली खरखर यांत फरक आहे. ज्याच्याकडे स्वच्छ आवाजाची सोय आहे, तोच अस्वच्छ आवाज निवडू शकतो. बाकीच्यांच्या पदरात तो टाकला जातो. आमचा मुद्दा एवढाच आहे: आमचा आवाज फाटायचा असेल तर तो आमच्या निर्णयाने फाटावा, आणि आम्हाला हवं त्या क्षणी पुन्हा स्वच्छ व्हावा.

यावर पहिला आक्षेप आमच्याच ज्येष्ठ कार्यकर्त्यांनी घेतला. त्यांचं म्हणणं, "पोरांनो, आपलं गाणं विचारासाठी असतं. शब्दच कळला नाही तर त्या आवाजाचं काय करायचं?" हा आक्षेप उडवून लावण्यासारखा नाही. जलसा लोकांना समजला म्हणूनच तो पसरला. आम्ही तो आक्षेप मान्य केला आणि थेट सर्किटमध्ये घातला. तो कसा, ते सांगतो.

साध्या डायनॅमिक माइकमधून येणारा सिग्नल काही मिलिव्होल्टचा, म्हणजे अगदी दुबळा असतो. गिटारसाठी बनवलेल्या पेडलला तो पुरत नाही. म्हणून पहिला टप्पा आवाज वाढवण्याचा. त्यासाठी आम्ही एनई ५५३२ ही ऑप-अ‍ॅम्प आयसी वापरली. माइकच्या सिग्नलला ती कमी खरखर जोडते. १ किलोओहम आणि १०० किलोओहमचे रेझिस्टर लावले की सिग्नल साधारण शंभरपट होतो. वीज ९ व्होल्टची. दोन १० किलोओहमच्या रेझिस्टरने ती मधोमध विभागायची आणि तिथे ४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावायचा.

इथून आवाजाच्या दोन वाटा होतात. एक वाट स्वच्छ, तशीच पुढे जाणारी. दुसरी वाट टेलिफोनची. जुना टेलिफोन साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा पोचवायचा. तो पट्टा मिळवायला दोन स्वस्त जोड्या पुरतात. १० किलोओहमचा रेझिस्टर आणि ०.०४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर मिळून साधारण ३३८ हर्ट्झच्या खालचा आवाज उतरवतात. तेवढाच रेझिस्टर आणि दहापट लहान कपॅसिटर उलट्या जागी लावला की ३३८६ हर्ट्झच्या वरचा आवाज उतरतो. दुकानात ४७३ आणि ४७२ असे आकडे छापलेले कपॅसिटर मागायचे. उतार आणखी तीव्र हवा असेल तर अशा दोन-दोन जोड्या लावायच्या, मध्ये ऑप-अ‍ॅम्पचा एक टप्पा ठेवून.

या दोन गाळण्यांच्या मध्ये उलटसुलट जोडलेले १एन४१४८ हे दोन डायोड. सिग्नल साधारण ०.६ व्होल्टच्या वर गेला की ते त्याचा माथा छाटतात, आणि तो छाटलेला माथा म्हणजेच फाटलेला आवाज. इथली गंमत अशी की गायिका हळू बोलली तर आवाज जवळपास शाबूत राहतो आणि ती ओरडली की फाटतो. म्हणजे खरखर कुठे उमटायची हे तिचा गळाच ठरवतो.

आता ज्येष्ठांच्या आक्षेपाकडे येऊ. मराठीतल्या "स", "श", "च" या उच्चारांच्या धारेचा बराच भाग ३४०० हर्ट्झच्या वर असतो. म्हणूनच फोनवर नाव सांगताना "स, सशातला स" असं म्हणावं लागतं. टेलिफोनच्या वाटेने गेलेला "समता" हा शब्द आपला पहिलाच व्यंजन गमावतो. म्हणून दोन्ही वाटा मिसळणाऱ्या नॉबच्या एका टोकाला आम्ही एक कायमचा रेझिस्टर टाकला. नॉब पूर्ण फिरवला तरी स्वच्छ आवाज शून्य होत नाही. धार स्वच्छ वाटेने येते, खरखर दुसऱ्या वाटेने. मग परीक्षा घेतली. आक्षेप घेणाऱ्या काकांनाच मैदानाच्या शेवटच्या टोकाला वही घेऊन बसवलं आणि त्यांनी कधी न ऐकलेलं कडवं म्हटलं. त्यांना जो शब्द लिहिता आला नाही, त्या शब्दासाठी नॉब मागे घेतला. आमच्या मते पेडल पास झालं की नाही हे ठरवायची हीच पद्धत बरोबर आहे. चार मित्रांनी हेडफोन लावून "भारी" म्हणणं ही परीक्षा नाही.

चुका भरपूर झाल्या, त्या लपवत नाही. गिटारच्या पेडलमध्ये स्विच बंद केला की सिग्नल सर्किटला वळसा घालून थेट पुढे जातो. आम्ही तशीच जोडणी केली आणि स्विच बंद करताच आवाज गायब झाला, कारण माइकचा मूळ दुबळा सिग्नल मिक्सरच्या लाइन-इनला पोचत होता. पायाचा स्विच आवाज वाढवण्याच्या टप्प्यानंतरच हवा. त्याने फक्त वाट निवडायची.

दुसरी चूक प्लास्टिकच्या डब्याची. त्यात लाइटच्या माळांची सगळी घरघर शिरली. मग स्टीलचा जेवणाचा छोटा डबा घेतला, सर्किटची ग्राउंड त्याला जोडली आणि घरघर बरीच खाली आली. तिसरी चूक सर्वांत महाग पडली. बऱ्याच पेडलच्या अ‍ॅडॅप्टरमध्ये पिनच्या मधल्या भागाला ऋण टोक असतं; आम्ही उलटा अ‍ॅडॅप्टर लावला आणि आयसी गेली. आता वाटेत एक १एन४००७ डायोड ठेवला आहे.

आणि शिट्टी. डायोड माथा छाटतात तेव्हा हळू आवाज मोठ्याच्या बरोबरीला येतात. त्यात श्वास येतो आणि समोरच्या भोंग्यातून परत माइकमध्ये शिरणारा आवाजही येतो. म्हणून फाटलेल्या वाटेची पातळी स्वच्छ वाटेपेक्षा किंचित खालीच ठेवायची, माइक भोंग्याच्या मागे राहील असं उभं राहायचं आणि जाळी मुठीत धरायची नाही. रात्री १० नंतर ध्वनिक्षेपक बंद ठेवण्याचा नियम आपल्यालाही लागू आहे. हे पेडल आवाज मोठा करायला नाहीच. ते आवाजाला अर्थ द्यायला आहे.

दुसरा आक्षेप तरुणांचा: "एवढी खटपट कशाला? तयार पेडल मिळतं, मोबाईलमध्ये अ‍ॅप आहे." ज्याला परवडतं त्याने जरूर विकत घ्यावं. अ‍ॅप घरच्या सरावाला ठीक आहे. पण फोनमधून फिरून येणारा आवाज बऱ्याचदा क्षणभर मागे पडतो आणि रॅपमध्ये तो क्षण जीवघेणा असतो. शिवाय विकतची वस्तू ऐन कार्यक्रमात बंद पडली की आपण पुन्हा कुणाच्या तरी तोंडाकडे बघत उभे. आमच्या डब्याचे सुटे भाग मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात तपकीर गल्लीत मिळतात. गटातला मोबाईल दुरुस्तीचं दुकान चालवणारा मुलगा तो अर्ध्या तासात उघडून नीट करतो. आयटीआय केलेली, वायरिंग करणारी, मोबाईल उघडणारी कितीतरी मुलं-मुली आपल्या वस्त्यांत आहेत. चळवळीत त्यांना आपण खुर्च्या मांडायला आणि माळा लावायला बोलावतो. त्यांच्या हातातलं ज्ञान चळवळीचं ज्ञान आहे असं मानत नाही. हातांनी करायचं काम खालचं आणि बोलायचं काम वरचं, ही उतरंड कुणी शिकवली? तिच्याविरुद्ध भाषणं करायची आणि आपल्याच मंडपात ती पाळायची, हे आता थांबायला हवं.

आमचं आवाहन साधं आहे. प्रत्येक गाणाऱ्या गटाने असा एक डबा बनवावा. झाकणाच्या आतल्या बाजूला सर्किटची आकृती चिकटवावी, म्हणजे तो डबा एकाच माणसाच्या डोक्यावर अवलंबून राहणार नाही. झाळणं किमान दोघांना शिकवावं आणि त्यातली एक मुलगी असावी. आमच्या गटात सोल्डरिंग गन आता त्या रॅप करणाऱ्या मुलीच्याच हातात असते.

मागच्या महिन्यात तिने तेच कडवं पुन्हा म्हटलं. साउंडवाला तोच होता. कडवं सुरू होताना तिने पाय ठेवला, आवाज टेलिफोनचा झाला. शेवटच्या ओळीला पाय पुन्हा पडला आणि ती ओळ स्वच्छ आली. तिला मागे वळून कुणाला खूण करावी लागली नाही.

जयभीम!