न झालेल्या प्रवासाचा हिशेब

२६ ऑगस्ट २०२२ पासून महाराष्ट्रात ७५ वर्षे ओलांडलेल्यांना एसटीचा प्रवास मोफत झाला. निर्णय स्वागतार्हच होता. मात्र त्या योजनेत शहरांतर्गत बससेवा येत नाही. म्हणजे लालबागच्या वृद्धेस साताऱ्याला फुकट जाता येते. परळच्या केईएम रुग्णालयात जावयाचे तर तिकीट काढावे लागते. साताऱ्याला ती वर्षातून एकदा जाते, रुग्णालयात दरमहा.

अर्थात भाडे हा या प्रश्नाचा लहानसा भाग होय. वृद्धास बस वेळेवर हवी, तिची पायरी गुडघ्यास झेपावी आणि दांडी हाती येईपर्यंत ती जागची हलू नये. बेस्टने स्वतःच्या गाड्या घटवीत नेऊन ठेकेदारांच्या गाड्यांवर भिस्त ठेवली आहे. गाडी आणि चालक ठेकेदाराचे, मोबदला धावलेल्या किलोमीटरवर. या व्यवहारात थांब्यावर गेलेल्या अर्ध्या मिनिटास किंमत नाही. दोष चालकाला देणे सोपे. पण फेरी पुरी करण्याचा तगादा त्याच्यामागेही असतोच.

२०१९ साली पाच रुपयांवर आणलेले साध्या बसचे किमान भाडे मे २०२५ मध्ये दहा रुपये झाले. कारण नेहमीचेच : तोटा. हा तोटा विकलेल्या तिकिटांवरून ठरतो. पाऊण तास तिष्ठून घरी परतलेल्या म्हाताऱ्याचे तिकीट फाटलेलेच नसते, म्हणून तो कोणत्याच वहीत नाही. मग ‘मागणी नाही’ असा शेरा मारून फेऱ्या कमी होतात आणि आणखी काही माणसे घरी बसतात. १९८२ च्या संपानंतर गिरणगाव सोडून विरार-बदलापूरकडे गेलेले कामगार आज म्हातारे झाले आहेत. त्यांच्यापैकी ज्याला परळला तपासणीस यावयाचे त्याने टॅक्सी करावी, म्हणजे मुलाच्या मजुरीतून पैसे काढावेत. नाहीतर तपासणी चुकवावी. हा खर्च समाज सोसतोच, केवळ बेस्टच्या ताळेबंदात तो दिसत नाही.

सागरी किनारा मार्गावर मुंबई महापालिकेने बारा हजार कोटींहून अधिक रुपये खर्च केले. त्यास कोणी तोटा म्हटले नाही.

पुढील अंदाजपत्रकापूर्वी प्रत्येक वॉर्डातील कार्यकर्त्यांनी एक सकाळ थांब्यावर उभे राहून बसविना परतणाऱ्या वृद्धांची नोंद करावी, आणि ती यादी आयुक्तांच्या टेबलावर ठेवावी.