लेकुरवाळीला गळ नको

दिवाळीचा पहिला दिवा आपण लावतो तो वसुबारसेला, आणि ओवाळतो ती गाय. नुसती गाय नव्हे, वासरासह गाय. वासरू जवळ नसेल तर ती पूजेची गाय नव्हे, असे आमच्या घरातल्या वडीलधाऱ्या बायका बजावून सांगत. कित्येक घरांत त्या दिवशी गाईचे दूध-तूपही वर्ज्य असते, कारण ते वासराचे. लेकुरवाळीच्या वाटेला जाऊ नये, एवढाच त्या सोहळ्याचा अर्थ. तो गोठ्यापाशी आपल्याला नेमका कळतो. पाण्यापाशी मात्र कळेनासा होतो, आणि माझे आजचे भांडण त्यासाठीच आहे.

भांडण आहे मरळीच्या बाजूने. मोरगावच्या माणसाने, मयूरेश्वराच्या शेजारी राहून, मासळीची वकिली करावी हे काही वाचकांना चमत्कारिक वाटेल. पण मोरगाव हे कऱ्हेकाठचे गाव. ही कऱ्हा बारामतीवरून पुढे जाऊन नीरेला मिळते आणि नीरा नरसिंहपूरला भीमेला. त्या संगमाच्या वरच्या अंगाला भीमेवर उजनीचे धरण आहे. 1980 साली ते पुरे झाले आणि इंदापूर तालुक्यातली केवढी तरी जमीन पाण्याखाली गेली. पळसदेवचे जुने देऊळ पाणी ओसरले की अजून डोके वर काढते. म्हणजे आमच्या एका बाजूला कोरडी कऱ्हा आणि दुसऱ्या बाजूला हा गोड्या पाण्याचा समुद्र. मासळीचा विचार करायला आम्हांला कोकणात जावे लागत नाही.

मरळ हा काठाचा मासा. डोके चपटे, सापासारखे, अंग लांबोडके. खोल पाण्याची तिला ओढ नाही. लव्हाळ्यात, पाणगवतात, जिथे गुडघाभर पाणी आणि हातभर चिखल, तिथे ती दबा धरून बसते. कल्ल्यांवर तिचे भागत नाही. मधून मधून वर येऊन हवेचा घोट घ्यावा लागतो. म्हणूनच इतर मासे गुदमरून मरतील अशा डबक्यातही ती तग धरते. दुखण्यातून उठलेल्या माणसाला आमच्याकडे मरळीचा रस्सा देतात तो उगीच नव्हे. मासा चिवट आहे.

पण तिचा खरा गुण वेगळाच आहे. पाऊस पडून काठाचे गवत बुडाले की मरळीची जोडी त्या गवतात थोडी जागा साफ करते आणि तिथे अंडी घालते. अंडी पाण्यावर तरंगतात, आणि जोडी खाली पहारा करते. पिल्ले निघाली की त्यांचा तांबूस पुंजका पाण्याच्या पृष्ठभागाशी हिंडू लागतो. मरळ त्याच्या खाली खाली चालते. आठवडेच्या आठवडे हा पहारा चालतो. बेडूक आला, दुसरा मासा आला, काहीही जवळ आले की ती त्यावर तुटून पडते. बहुतेक मासे अंडी टाकून निघून जातात. मरळ संसार करते.

आता या संसारात कोण शिरले आहे ते ऐका. गेली काही वर्षे पावसाळ्यातल्या रविवारी उजनीच्या काठाने मी रंगीत होड्या पाहतो. कयाक म्हणतात त्यांना. एकट्याने बसायचे, दुतोंडी वल्हे मारायचे. मूळची ही उत्तर ध्रुवाकडच्या इन्युइट लोकांची कातडी होडी. पोटासाठी शिकार करणाऱ्यांची. आता ती प्लॅस्टिकची झाली आहे आणि मोटारीच्या टपावर बसून शहरातून येते. होडी सुरेख आहे, यात वाद नाही. वीतभर पाण्यात तरंगते आणि आवाज करीत नाही. पण तिचा हाच गुण मरळीच्या मुळावर आला आहे. आजवर लेकुरवाळ्या मरळीला राखले ते कायद्याने नव्हे, चिखलाने राखले. काठावरचा माणूस त्यात रुतत असे, मोठी नाव त्यात शिरत नसे. आता चिखलाचा पहारा उठला.

या होडीतले गृहस्थ काय करतात? पिल्लांचा तांबूस पुंजका शोधतात. सापडला की त्यावरून रबरी बेडूक ओढतात. मरळ झेप घेते, कारण तिला वाटते की पिल्लांवर घाला आला. भूक लागली म्हणून ती तोंड उघडत नाही, लेकरांसाठी उघडते. आणि त्या उघड्या तोंडात हे गळ अडकवतात. मग छायाचित्र निघते, वजन सांगितले जाते आणि यास मर्दानी खेळ म्हणतात! आईच्या रागावर लावलेल्या सापळ्याला खेळ म्हणायचे असेल, तर आपल्याला दुसरा शब्द शोधावा लागेल.

यावर उत्तरे तयार असतात. पहिले उत्तर : "अहो, आम्ही मासा मारत नाही, धरतो आणि सोडतो." ऐकायला हे दयाळू वाटते. पण आई होडीत तुमच्या मांडीवर तडफडत असते, तेवढा वेळ पिल्ले कोणाच्या भरवशावर? भोवतालच्या माशांना छायाचित्राची घाई नसते. त्यांना पिल्ले हवी असतात. उत्तर अमेरिकेत बास नावाचा मासा असाच घरटे राखतो. राखणारा नर थोडा वेळ जरी उचलला, तरी इतर मासे घरटे लुटतात आणि पुष्कळदा तो ते सोडूनच देतो, हे तिथल्या अभ्यासकांनी पाहिले आहे. आपण आई सोडली, पण घर मोडले.

दुसरे उत्तर : "भोई जाळी टाकतात, त्यांना आधी सांगा." अवश्य सांगू. बारीक आसाचे जाळे टाकून बोटभर पिल्ले उपसणे हा गुन्हाच आहे, आणि तो करणाऱ्याला त्याच्या गरिबीखातर मी क्षमा करीत नाही. पण ट्यूबवर बसून पोटासाठी पहाटे पाण्यात उतरणारा भोई आणि हौसेसाठी मोटार हाकत आलेला गृहस्थ यांना एका तराजूत घालू नका. ज्याला पर्याय आहे त्याने आधी थांबायचे असते.

तिसरे उत्तर सर्वांत गमतीचे : "मासे खाणाऱ्याने दयेच्या गोष्टी सांगू नयेत." मी मासे खातो; खाणार आहे. म्हणूनच तर सांगतो! बी-बियाणे खाऊन टाकणाऱ्याला आमच्याकडे शेतकरी म्हणत नाहीत. उजनीत आज चिलापीचे राज्य आहे. हा मूळचा आफ्रिकेतला मासा 1952 साली आपल्या देशात आणला गेला. त्याची मादी अंडी तोंडात धरते आणि संकट आले की पिल्लेही तोंडात घेऊन पळते. मरळीची पिल्ले उघड्यावर असतात. लहान चिलापी खाऊन तिची गर्दी आटोक्यात ठेवील असा मासा म्हणजे मरळ. आणि नेमक्या तिच्याच घरावर आपण रविवारची धाड घालतो.

जिथे हा होडीचा छंद मुरला आहे तिथली रीत पाहा. ऑस्ट्रेलियात अशाच कयाकमधून किनाऱ्यालगत चपट्या डोक्याचा फ्लॅटहेड मासा धरतात. तिथल्या क्वीन्सलँड राज्यात काळपट फ्लॅटहेड 40 सेंटिमीटरहून लहान असेल तर सोडावा लागतो. आणि 75 हून मोठा असेल तरीही सोडावा लागतो, कारण एवढी मोठी बहुधा अंडी घालणारी मादी असते. मोठा मासा सोडणे हे तिथे नेभळटपणाचे लक्षण मानत नाहीत. आपल्या समुद्रावरही यांत्रिक नौका जून-जुलै हे दोन महिने बंद ठेवतोच की. मग तळ्याच्या मासळीने काय घोडे मारले?

माझे मागणे मोठे नाही. पहिला जोराचा पाऊस झाला की श्रावण सरेपर्यंत गवताळ काठाला गळ लावू नये. त्यानंतरही तांबूस पुंजका दिसला की वल्हे उलटे मारावे. हौसच असेल तर खोल पाण्यात जाऊन चिलापी धरा, हवी तितकी धरा. कोणी नाव ठेवणार नाही. श्रावण आपण नाहीतरी पाळतोच. ताटात मासा नको, पण गळाला चालतो, हा कोणत्या पोथीतला श्रावण? जिभेने पाळला तसा हातानेही पाळावा. यासाठी सरकारी हुकूम येण्याची वाट पाहू नये. वासराचे दूध वासराला ठेवा, हा हुकूम तरी कोणत्या सरकारने काढला होता? तो घराघरांतल्या बायकांनी काढला आणि पिढ्यान्पिढ्या पाळून घेतला.

तेव्हा माताभगिनींनो, आता तुम्हीच हे मनावर घ्या. घरातले चिरंजीव पुढल्या पावसाळ्यात होडी टपावर बांधू लागले, की त्यांना एवढेच विचारा : "आणि वसुबारसेला तू कोणासमोर हात जोडले होतेस रे?"