नुसता गेटावर उतार नको



आपल्यातले कितीतरी जण घराला लागून असलेल्या खोल्या पर्यटकांना देतात. त्याबद्दल आम्हाला एक गोष्ट स्पष्ट सांगायची आहे.

जानेवारी 2023 मध्ये पणजीत पहिला पर्पल फेस्ट झाला. देशभरातून दिव्यांग आले. अशी कुटुंबं किनाऱ्यावर राहायला येतात तेव्हा बोर्डावर ‘व्हीलचेअरची सोय’ असते. प्रत्यक्षात गेटावर एक उभा उतार आणि आत बाथरूमचा दरवाजा दोन फुटी! मग काय उपयोग?

हिशेब सोपा आहे. एक फूट उंचीला बारा फूट लांब उतार. दरवाजा तीन फुटी. खुर्ची वळायला पाच फूट मोकळी जागा. कमोडजवळ धरायला भक्कम दांडा. खोली तळमजल्यावर, सगळं कुटुंब मावेल एवढी. खुर्चीवरचा माणूस खाली आणि घरचे वर, याला फॅमिली रूम म्हणत नाहीत.

वाळूत चाकं रुततात. होडी ओढताना आपण खाली लाकडं घालतोच ना? तशी हंगामापुरती फळ्यांची वाट घाला. पण ती होड्यांच्या आणि रापणीच्या जागेतून नको, बाजूने काढा. पक्कं बांधकाम करायचं तर आधी सीआरझेडची परवानगी बघा.

आणि हे फक्त पाहुण्यांसाठी नाही. दर्यावर राबून कंबर, गुडघे गेलेली माणसं आपल्याही घरात आहेत. एक तरी खोली अशी करा. पाहुणे नसतील तेव्हा घरच्यांच्या उपयोगी पडेल.