परक्या वर्गातील आपले मूल

परदेशात काही वर्षे नोकरी करून स्वदेशी परतणारी मराठी व कोंकणी कुटुंबे इंदूरसारख्या शहरात आता अपूर्वाईची राहिलेली नाहीत. कोणी मस्कतहून येतो, कोणी न्यू जर्सीहून. खजराना परिसरातील नव्या वसाहतींत बिऱ्हाड लागते, श्रीगणेशाच्या चरणी पहिला नमस्कार रुजू होतो, आणि मुलाला शाळेत प्रवेश मिळाला की त्याचा प्रश्न मिटला असे घरचे समजतात. हा समज खोटा आहे. त्याला खतपाणी घालणाऱ्यांत शाळा जितक्या आहेत तितकेच आपण, म्हणजे देवळांच्या व मंडळांच्या भोवती जमणारा आपला समाजही आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

“मूल लहान आहे, दोन महिन्यांत मिसळून जाईल” हे वाक्य आपण किती सहज उच्चारतो! कॅनडातील भाषाभ्यासक जिम कमिन्स यांनी या बाबतीत एक महत्त्वाचा भेद दाखवून दिला आहे. खेळाच्या मैदानावरची भाषा परक्या मुलाला साधारणतः दोन वर्षांत येते. पण पाठ्यपुस्तक वाचून अर्थ लावण्याची व उत्तर लिहिण्याची भाषा समवयस्कांच्या बरोबरीने येण्यास पाच ते सात वर्षे लागतात. दिवाळीपर्यंत मूल गल्लीतल्या मुलांशी हिंदीत भांडू लागले म्हणजे आपण निश्चिंत होतो. पुढे वार्षिक परीक्षेत हिंदीच्या पेपरात ते मागे पडले की त्याला ‘आळशी’ ही पदवी मिळते. मैदानावर तर चुरूचुरू बोलतो, मग वहीतच का अडतो, असा सवाल त्यालाच केला जातो.

घरी मराठी बोलणाऱ्या मुलाला हिंदी सोपी जाईल, लिपी तर एकच, असे काहीजण म्हणतात. लिपी एकच आहे हीच तर खरी फसगत! मराठी घरात ‘शिक्षा’ म्हणजे दंड. शाळेच्या फलकावर तोच शब्द विद्येसाठी लिहिलेला असतो. घरी ‘चेष्टा’ केली की आजी रागावते, हिंदीच्या धड्यात चेष्टा म्हणजे प्रयत्न. आपली ‘यातायात’ ही दगदग असते, त्यांची रस्त्यावरची वाहतूक. मराठीत ‘काल’ व ‘उद्या’, कोंकणीत ‘काल’ व ‘फाल्यां’ असे दोन निराळे दिवस. हिंदीत दोहोंना मिळून एकच ‘कल’, आणि तो मागचा की पुढचा हे क्रियापदावरून ओळखायचे. मराठी-कोंकणीला तीन लिंगे, हिंदीला दोन. म्हणजे घरात नपुंसकलिंगी असलेली प्रत्येक वस्तू शाळेच्या दारात पुरुष की स्त्री हे ठरवून घ्यावे लागते. अंकांची गोष्ट आणखीच बिकट. ‘एकोणऐंशी’ व ‘एकोणनव्वद’ यांत निदान एक सूत्र तरी आहे. हिंदीत ७९ हे ‘उनासी’, पण ८९ हे मात्र ‘नवासी’! आजवर ‘सेव्हंटी-नाइन’ म्हणत आलेल्या दहा वर्षांच्या मुलाने हे सारे एका सत्रात पचवावे, अशी अपेक्षा आपण कोणत्या न्यायाने करतो?

त्यात वेळापत्रकाची अडचण. आपल्याकडील शाळांचे वर्ष एप्रिलात सुरू होते, अमेरिकेतील शाळांचे ऑगस्ट-सप्टेंबरात. तिकडचा वर्ग पुरा करून जूनमध्ये येणारे मूल येथे आधीच मागे पडलेले असते. मग सुचवले जाते, “एक इयत्ता खाली बसवा, पाया पक्का होईल.” गणितात व विज्ञानात कोठेही न अडणारे मूल केवळ हिंदीसाठी आपल्याहून लहान मुलांत बसवायचे, यात कोणता पाया पक्का होतो? पक्के होते ते एवढेच, की आपल्यात काहीतरी उणे आहे ही त्याची समजूत.

आपल्याच माणसांचे एक उदाहरण पाहावे. गोव्यातील सांखवाळचे धर्मानंद कोसंबी १९१८ साली पुन्हा हार्वर्डला निघाले तेव्हा अकरा वर्षांच्या दामोदरला बरोबर घेऊन गेले. मुलगा प्रथम केंब्रिज गावातील प्राथमिक शाळेत गेला, नंतर तेथील हाय अँड लॅटिन स्कूलमध्ये. तेथे तो बालवीर पथकातही होता. १९२९ साली तो हार्वर्डचा पदवीधर झाला, आणि पुढे गणिती व इतिहासकार दामोदर धर्मानंद कोसंबी म्हणून जगाने त्याला ओळखले. या उदाहरणावरून “बुद्धिमान मुलाला काही अडत नाही” असा निष्कर्ष काढणारे भेटतील. आम्ही वेगळेच पाहतो. त्या मुलाचे वडील स्वतः काशीच्या अन्नछत्रात जेवून संस्कृत शिकलेले होते. परक्या ठिकाणी शिकण्याचे कष्ट म्हणजे काय हे त्या घराला ठाऊक होते. आपल्या किती घरांना ते ठाऊक आहे?

आणि अन्नछत्राचा विषय निघालाच आहे म्हणून बोलतो. काशीच्या त्या छत्राने गोव्याच्या एका निर्धन विद्यार्थ्याला तू कोणत्या बोलीत बोलतोस हे न विचारता जेवू घातले. ज्या मंदिराच्या स्थापनेचे श्रेय परंपरेने अहिल्याबाईंना दिले जाते त्या खजरान्याच्या गणेशाच्या दारीही अन्नक्षेत्र चालते. परीक्षा जवळ आली की मंदिराच्या पाठीमागच्या भिंतीवर विद्यार्थी उलटे स्वस्तिक काढून नवस बोलतात. ती श्रद्धा आम्हाला पूज्य आहे. पण विद्यार्थ्याने विद्येसाठी देवाच्या पाठीशी उभे राहावे, आणि देवळाभोवतीच्या समाजाने त्याच्या विद्येकडे पाठ फिरवावी, हे विपरीत नव्हे काय? गणेशोत्सवात आपण पाठांतराच्या स्पर्धा घेतो. परदेशातून आलेले मूल अथर्वशीर्ष म्हणताना अडखळले की पहिल्या रांगेत हसू पसरते. त्या हसण्यानंतर ते मूल पुढल्या वर्षी व्यासपीठावर येत नाही. मग आपणच म्हणतो, नव्या पिढीला संस्कृतीची आवड नाही.

येथे आमच्यावर हिंदीद्वेषाचा आरोप होईल. तो आम्हाला लागू नाही. याच माळव्यात वाढलेल्या मुक्तिबोध बंधूंपैकी गजानन माधव हिंदीचे श्रेष्ठ कवी झाले, तर शरच्चंद्र मराठीचे. एका घरात दोन्ही भाषा सुखाने नांदल्या. कारण दोन्हींना त्या घरात मान होता. मराठी काढून घेतली म्हणजे हिंदी लवकर येईल असे सांगणाऱ्यांनी हे घर आठवावे.

कायदाही आपल्या विरुद्ध नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी इंदूर मध्य प्रदेशात आले, आणि त्याच वर्षी सातव्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेत अनुच्छेद ३५० क दाखल झाला. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक अवस्थेत मातृभाषेतून शिक्षणाच्या पुरेशा सोयी देण्यासाठी प्रत्येक राज्याने व स्थानिक संस्थेने झटावे, असे तो सांगतो. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाच्या भाषांच्या यादीतही मराठी आहे. शाळेकडे ही मागणी घेऊन किती पालक एकत्र गेले? एकेकटा पालक जातो, ‘विद्यार्थी पुरेसे नाहीत’ असे उत्तर ऐकतो आणि परत येतो. विद्यार्थी पुरेसे आहेत की नाहीत हे मंडळाने घरोघर जाऊन मोजले पाहिजे. त्यासाठी वर्गणी लागत नाही.

तोवर एक काम उद्याच सुरू करता येईल. लग्नमुंजींखेरीज मोकळ्या राहणाऱ्या सभागृहांपैकी एकात शनिवार-रविवारी दोन तास. निवृत्त शिक्षक-शिक्षिका आपल्यात आहेतच. हिंदी व मराठीच्या दोन वह्या शेजारी ठेवून ‘शिक्षा’, ‘चेष्टा’, ‘कल’ एवढ्यापासून आरंभ करावा. पहिले काही आठवडे मूल गप्प बसले तर बसू द्यावे. नवी भाषा कानांत मुरण्याला तेवढा काळ लागतोच. आणि तेथे, निदान पहिले वर्ष, कोणतीही स्पर्धा घेऊ नये.