विंचवाचें बिऱ्हाड

प्रवासास निघालेल्या माणसाची पिशवी आपल्याकडे तो एकटा कधींच भरीत नाहीं. सारें घर ती भरतें. आजी लाडवांचा डबा आणून ठेवते, आई "असूं दे, कितीसें जड होणार?" म्हणून गोधडी कोंबते, काका मोठी बॅटरी देतात, आणि शेवटीं धाकटीं मुलें पिशवीवर बसून तिचें तोंड आवळतात. आगगाडीच्या प्रवासांत हें सारें खपून जातें, कारण ओझें गाडी वाहते आणि स्टेशनावर हमाल मिळतो. परंतु घरांतील मुलगा किंवा मुलगी जेव्हां मोटारसायकलीवरून मनालीहून लेहला जाण्याचा आणि वाटेंत तंबू ठोकून राहण्याचा बेत करते, तेव्हां ही मायेची रीत थोडी तपासून पाहणें अवश्य होतें. विंचवाचें बिऱ्हाड पाठीवर, असें आपण सहज म्हणतों. तें पाठीवर मावेल एवढेंच असतें, हें मात्र विसरतों.

प्रथम वाट कशी आहे तें पाहूं. मनाली ते लेह हें अंतर सुमारें ४३० किलोमीटरांचें. ऑक्टोबर २०२० मध्यें रोहतांगच्या पोटांतून जाणारा, ९ किलोमीटरांहून किंचित् लांब असा अटल बोगदा खुला झाला, त्यामुळें पहिला अवघड चढ टळला. तथापि पुढील खिंडी कोणास टळत नाहींत. बारालाचा खिंड सुमारें ४,८९० मीटर उंचीवर आहे आणि टांगलांग ला तर ५,३०० मीटरांच्याहि वर. तेथें हवेचा दाब समुद्रकांठच्या मानानें जवळजवळ निम्मा भरतो. धडधाकट तरुणासहि दहा पावलें भरभर चाललें कीं धाप लागते. अशा ठिकाणीं खडीवर किंवा ओढ्याच्या गोट्यांवर गाडी आडवी होणें ही अगदीं नेहमींची गोष्ट आहे. ह्या वाटेवर हल्लीं पुष्कळ दिसणारी रॉयल एनफील्डची 'हिमालयन ४५०' ही गाडी स्वतःच १९६ किलो वजनाची आहे. तिच्यावर आणखी चाळीस किलोंचा संसार रचला असेल, तर ती उभी करण्यांत छातींतला सारा श्वास खर्ची पडेल. म्हणून सामान भरतांना "हें उपयोगी पडेल काय?" असें विचारूं नये, घरांतील प्रत्येक वस्तु कधीं ना कधीं उपयोगी पडतेच. "पडलेली गाडी ह्या सामानासह मला एकट्याला उचलतां येईल काय?" असें विचारावें.

ओझें किती, इतकेंच ओझें कोठें, हेंहि महत्त्वाचें आहे. घोड्यावरची जुनी पडशी आठवावी. दोन कप्पे, दोहींकडे सारखें वजन, आणि तें जनावराच्या अंगाशीं लागून. मोटारसायकलीच्या दोन बाजूंस लटकविण्याच्या पिशव्या ह्याच पडशीच्या वंशांतील होत. पाने, ट्यूब, खाण्याचे जिन्नस असें जड सामान त्यांत खालीं ठेवावें. तंबू, कपडे असें हलकें पण जागा अडविणारें सामान मागील बैठकीवर आडवें बांधावें. मागच्या चाकाच्या आंसापलीकडे लादलेलें ओझें तरफेसारखें पुढचें चाक उचलूं पाहतें; मग हँडल पोकळ वाटतें आणि उतरणीच्या वळणावर गाडी ऐकेनाशी होते. स्वतःच्या पाठीवर तर जड पिशवी मुळींच घेऊं नये. खांदे भरून येतात ते येतातच, शिवाय पडतांना तीच पाठीस घातक ठरते.

आतां बिऱ्हाडाकडे वळूं. एकट्यापुरता चांगला तंबू २ किलोंच्या आसपास मिळतो. थंडीची स्लीपिंग बॅग सव्वा ते दीड किलोंची, आणि खालीं अंथरावयाची मॅट अर्ध्या किलोची. ह्यांतील मॅट अनेकजण घरीं ठेवून जातात. परंतु अंगाची ऊब वरच्या हवेपेक्षां खालची जमीन अधिक वेगानें ओढून घेते, आणि अंगाखालीं दबलेला पिसांचा किंवा कापसाचा थर निरुपयोगी होतो. पिसांची पिशवी सर्वांत हलकी, मात्र भिजली कीं तिची ऊब जाते. म्हणून ती पाणी न शिरणाऱ्या थैलींत घालूनच बांधावी. गोधडीविषयीं आम्हांस आदर आहे. परंतु ती जड, घडी मोठी, आणि ओली झाल्यास त्या थंड प्रदेशांत वाळतां वाळत नाहीं. सुती बनियनांचेंहि तेंच. त्यांच्याऐवजीं लोकरीचे दोन सदरे बरे. लोकर दमट असतांहि ऊब देते. सुती पंचा मात्र एक अवश्य न्यावा. अंग पुसावयास, धुळींत तोंडास बांधावयास, आणि प्रसंगीं दुखावलेला हात गळ्यांत अडकवावयास त्याच्यासारखी हलकी वस्तु नाहीं.

स्वयंपाकाच्या बाबतींत आमच्या गृहिणींचें ज्ञान येथें फार उपयोगी पडेल. सरचू सुमारें ४,३०० मीटर उंचीवर आहे. तेथें पाणी १०० अंशांस न उकळतां सुमारें ८६ अंशांसच उकळतें. म्हणून प्रेशर कुकरावांचून डाळ तासभर ठेवली तरी कच्चीच राहते आणि गॅस मात्र संपतो. ज्यांस शिजविणें लागत नाहीं असे पदार्थ द्यावेत : पातळ पोहे, सातूचें पीठ, मेतकूट, भाजलेल्या रव्याचें तिखटमीठ घातलेलें पीठ. गॅसच्या डब्या घेतांनाहि पाहून घ्यावें. निव्वळ ब्यूटेन शून्य अंशाच्या आसपास वायुरूप होईनासा होतो, आणि पहाटे शेगडी पेटत नाहीं. प्रोपेन मिसळलेली डबी थंडींतहि चालते. ही डबी विमानांतून नेऊं देत नाहींत, तेव्हां ती मनालीसच घ्यावी. आणि थंडी कितीहि असो, बंद तंबूंत शेगडी पेटवूं नये. तिच्यापासून निघणारा कार्बन मोनॉक्साइड वायु वासावांचून झोपेंतच प्राण घेतो.

हलकेपणाच्या नादानें कांहीं वस्तु कमी करणें हा दुसऱ्या टोंकाचा अविचार होय. पाणी, पावसाळी कपडे, लोकरीचे मोजे आणि हातमोजे, पंक्चरचें साहित्य, हवेचा पंप, क्लचची तार, आणि औषधें ह्यांवर कात्री चालवूं नये. उंचीवरील आजाराचीं औषधें डॉक्टरांस विचारूनच घ्यावींत; डोकें दुखून ओकाऱ्या होऊं लागल्या तर औषध घेऊन पुढें चढण्यापेक्षां खालीं उतरणें हाच खरा उपाय आहे. पेट्रोलाचा हिशेबहि निघण्यापूर्वीं मांडावा. तांडी येथील पंपाजवळची, पुढील पंप ३६५ किलोमीटरांवर असल्याची पाटी कित्येक वर्षें प्रवाशांस सावध करीत असे. वाटेंतील पंपांची ताजी चौकशी करून मगच जादा पेट्रोल घ्यावें. ५ लिटर पेट्रोल म्हणजे जवळजवळ पावणेचार किलो, अर्थात् दोन तंबूंचें वजन होय.

सामान थोडें असण्याचा आणखी एक लाभ वाटेवर गेल्यावरच ध्यानीं येतो. तेथील ओढे बर्फाच्या पाण्याचे. ऊन चढेल तसें बर्फ वितळतें आणि दुपारनंतर ओढ्याचें पाणी वाढतें. सकाळीं घोट्याइतकें असलेलें पाणी तिसऱ्या प्रहरीं गुडघ्यास लागूं शकतें. ज्याचें बिऱ्हाड अर्ध्या तासांत गुंडाळून होतें तो ओढे वेळेवर ओलांडतो. ज्यास दोन तास लागतात त्याच्या वाट्यास दुपारचें पाणी येतें. ह्याकरितां प्रत्येक वस्तूची जागा ठरलेली असावी, आणि तंबू सर्वांत वर असावा, म्हणजे पावसांत बाकीचें सामान न उघडतां निवारा उभारतां येतो.

एल्स्पेथ बिअर्ड ह्या इंग्रज तरुणीनें १९८२ ते १९८४ ह्या काळांत मोटारसायकलीवरून पृथ्वीप्रदक्षिणा केली. वाटेंत सिडनीस मुक्काम असतां तिनें सामानासाठीं अॅल्युमिनियमच्या पेट्या स्वतःच्या हातीं तयार केल्या. पेटीचें माप आधीं ठरलें कीं मनाची हांवहि त्या मापांत बसते. माप न ठरवितां भरलेली पिशवी म्हणजे निव्वळ खोगीरभरती.

आमची सूचना इतकीच. निघण्याच्या पंधरा दिवस आधीं सारें सामान माजघरांत मांडावें आणि काट्यावर एकेक वस्तु तोलून तिचें वजन कागदावर लिहावें. पाण्यापेट्रोलावांचून बेरीज १५ किलोंच्या आंत आणण्याचें काम वडील माणसांनीं पत्करावें. तरुणांस जें टाकवत नाहीं तें त्यांस बरोबर ओळखतां येतें. मग एक रात्र गच्चीवर तंबू ठोकून निजावें, भल्या पहाटे तो गुंडाळावा, आणि अंगणांत भरलेली गाडी मुद्दाम आडवी करून एकट्यानें उचलून पाहावी. उचलली नाहीं तर आणखी कांहीं काढावें. आजवर आपण माणसास कांहीं तरी देऊन माया दाखवीत आलों. ह्या एका प्रवासापुरती ती ओझें उतरवून दाखवावयाची आहे. तेंहि देणेंच होय, आणि खिंडींत धाप लागली असतां त्याचीच आठवण होईल.